एकाच माणसाच्या दोन वसाहती : योहानेस फान डेन बॉस

सायंतारा

मागच्या रविवारी आम्ही द्रेंथला गेलो होतो. नेदरलँड्सच्या उत्तरेकडचा हा प्रांत ट्युलिप आणि पवनचक्क्यांच्या फोटोंत सहसा येत नाही. फूटपट्टीने आखल्यासारखे रस्ते, दुतर्फा झाडं आणि ठरावीक अंतरावर एकसारखी बुटकी विटांची घरं. नवऱ्याने गाडीतूनच विचारलं, "ही काय सरकारी क्वार्टर्स आहेत का?" फारसा चुकला नव्हता तो.

गावाचं नाव फ्रेडरिक्सओर्ड. १८१८ साली इथल्या माळरानावर शहरांतली ५२ गरीब कुटुंबं आणून वसवली गेली. नेपोलियनची युद्धं नुकतीच संपली होती, देश कंगाल झाला होता आणि शहरं भिकाऱ्यांनी भरली होती. तेव्हा एका लष्करी अधिकाऱ्याने 'परोपकार संस्था' काढली. सभासदाने आठवड्याला ५ सेंट द्यायचे, म्हणजे वर्षाचे २ गिल्डर ६० सेंट. त्या पैशातून माळरान घ्यायचं, घरं बांधायची आणि गरिबाला शेतकरी करायचं. पहिल्या वर्षातच वीस हजारांवर सभासद झाले. तो अधिकारी म्हणजे योहानेस फान डेन बॉस.

म्युझियममध्ये हिंडताना मला आधी खरंच कौतुक वाटलं. प्रत्येक कुटुंबाला घर, साधारण अडीच हेक्टर जमीन, कपडे. आजारपणासाठी सक्तीची वर्गणी. मुलांना शाळा सक्तीची, आणि तीही देशात तसा कायदा यायच्या ऐंशी वर्षं आधी! मग हिशेबाकडे लक्ष गेलं. घर, कपडे, बी-बियाणं, सगळं कुटुंबाच्या नावे कर्ज म्हणून मांडलेलं. मजुरी मिळायची ती वसाहतीच्याच नाण्यांत, आणि ती नाणी चालायची फक्त वसाहतीच्याच दुकानात. बाहेरच्या बाजारात त्यांची किंमत शून्य. नीट वागणाऱ्याला पदक. न वागणाऱ्याला ओमरस्खान्सची शिक्षा-वसाहत. पुढे १८२३ पासून फेनहाउझनला मोठाले वाडे बांधून त्यांत भिकारी आणि अनाथ मुलं भरली. त्यांना तर 'येता का?' असं कोणी विचारलंही नाही.

इथे धागा काढायचं कारण वेगळंच. बाहेर पडताना नवरा म्हणाला, "या माणसाचं नाव मी कुठेतरी वाचलंय." त्याच्या ऑफिसात एक इंडोनेशियन सहकारी आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडे शाळेतलं प्रत्येक मूल ओळखतं त्याला. तानाम पाक्सा." म्हणजे सक्तीची लागवड.

तोच माणूस. द्रेंथमधल्या गरिबांचा कैवारी आणि जावाच्या शेतकऱ्याला कोलूला जुंपणारा गव्हर्नर-जनरल एकच.

थोडक्यात चरित्र सांगते. जन्म १७८०, गेल्डरलँडमधलं हेरवाइनन गाव. विशी गाठायच्या आत इंजिनिअर तुकडीत लेफ्टनंट होऊन जावाला गेला. डच ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती, १७९९ च्या अखेरीस तिचा कारभार आटोपला. बटाव्हियाजवळ (आजचं जकार्ता) त्याने जमीन घेतली आणि शेजारच्या एका चिनी शेतकऱ्याकडून शेती शिकला असं सांगतात. गव्हर्नर-जनरल डान्डेल्सशी काही जमलं नाही. १८१० ला निघाला, तर वाटेत इंग्रजांनी पकडलं. मायदेशी पोचला तो पुन्हा सैन्यात, ऑरेंज या डच राजघराण्याच्या बाजूने. मग वरची ती परोपकार संस्था.

१८२७ मध्ये राजा पहिला विलेम याने त्याला कॅरिबियनमधल्या वसाहती तपासायला धाडलं, कुरासाव आणि सुरिनाम. सुरिनामसाठी त्याने १८२८ ला नवे नियम केले. त्यांत गुलामांना 'वस्तू' न मानता पालकत्वाखालची माणसं मानावं असं घातलं. मळेवाले भडकले. गुलामगिरी मात्र जागच्या जागी राहिली, ती सुटायला १८६३ उजाडलं.

आणि मग जावा. १८२५ ते १८३० दिपोनेगोरो या जावाच्या राजपुत्राच्या उठावाने डच खजिना रिकामा केला होता. जावाचे सुमारे दोन लाख लोक त्यात मेले. १८३० च्या जानेवारीत फान डेन बॉस गव्हर्नर-जनरल म्हणून बटाव्हियाला उतरला, मार्चमध्ये जनरल डी कॉकने दिपोनेगोरोला वाटाघाटींना बोलावून मागेलांगला अटक केली, आणि त्याच वर्षी तिकडे बेल्जियमने बंड केलं. राजाला पैसा हवा होता, तोही लगेच.

फान डेन बॉसची योजना कागदावर सुटसुटीत होती. गावाने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा सरकार सांगेल त्या पिकाला द्यायचा. ऊस, नीळ, कॉफी. जमीन नसेल त्याने वर्षाला ६६ दिवस राबायचं. माल सरकार ठरावीक भावाने घेणार, सारा त्यातून वळता होणार, वर उरलं तर गावाचं. पीक शेतकऱ्याच्या चुकीशिवाय बुडालं तर तोटा सरकारचा. आता द्रेंथचा हिशेब आठवा आणि हे पुन्हा वाचा. मला तरी दोन्हीकडे एकच हस्ताक्षर दिसतं. गरीब माणूस आळशी असतो, शिस्त लावली की कमावतो आणि शिस्त लावायचा हक्क आपला, हे त्याने दोन्हीकडे धरून चाललं होतं.

तुम्हाला काय वाटतं?

पेणकरीण

काय सुरेख लिहिलंयस! वाचनखूण साठवली. म्युझियमचे फोटो टाक ना.

शंकासुर

एक बाळबोध शंका. आडनाव 'बॉश' ना? आमच्याकडच्या ड्रिल मशीनवर असतं तेच?

सायंतारा

ती जर्मन कंपनी, शंकासुर. :) डचमध्ये शेवटचा 'श' उच्चारत नाहीत, म्हणून बॉस, आणि 'व्हान' बोलताना 'फान' होतो. 'बॉस'चा अर्थ रान. इंग्रजांनी 'बॉस' शब्द डचांकडूनच उचलला हे खरं, पण तो दुसऱ्या शब्दावरून, 'बास' म्हणजे मालक.

शंकासुर

म्हणजे रानातला बॉस. चालेल, चालेल.

आडसाली

मी ऊस करतो, म्हणून बोलतो. तो 'पाचवा हिस्सा' वाचून हसू आलं.

एकरात पाचवा हिस्सा म्हणजे आठ गुंठे, असं कागदावर दिसतं. पण ऊस काही चार महिन्यांचं पीक नव्हे. आमची आडसाली लागण जुलैत केली की पुढच्या वर्षीच्या हंगामापर्यंत रान अडकतं. जावाला भाताची खाचरं, पाण्याखालची. उसाला लागणार तीच जमीन, कारण पाणी तिथेच. मग उसाने दीड वर्ष खाचर धरलं तर भाताचं एक पीक गेलं की दोन? शिवाय ऊस काढल्यावर ते रान पुन्हा भातासाठी चिखलणीला आणायचे कष्ट वेगळेच. सऱ्या मोडा, बांध घाला, पाटाचं पाणी फिरवा.

आणि पाणी! पाण्याची पाळी आधी कोणाला? सरकारच्या पिकाला. हे मला कोणी पुस्तकातून सांगायची गरज नाही.

ऊस तोडून गाडीत घालून कारखान्यावर पोचवायचा तोही गावानेच असणार. ते ६६ दिवसांत धरायचे की वेगळे? ताई, माहीत असेल तर लिहा.

सायंतारा

@आडसाली, मला न सुचलेलं तुम्ही लिहिलंत. कागदावर ६६ दिवस हा बिनजमीनवाल्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात लागवड, तोडणी, वाहतूक, कारखान्यासाठी लाकूडफाटा, शिवाय रस्ते-पुलांची जुनी वेठ, सगळं एकावर एक चढत गेलं. नीळ तर अजून वाईट. रान घरापासून लांब, पाला हौदात कुजवायचा, घुसळायचा, आणि जमिनीचा कस जातो तो जातोच.

एक गंमत बघा. एकूण लागवडीखालच्या जमिनीपैकी अगदी थोडी जमीन या पिकांखाली होती, पण राबणाऱ्यांत जावाची निम्म्याहून जास्त शेतकरी कुटुंबं. म्हणजे सरकारने घेतली ती जमिनीपेक्षा माणसांची मेहनत. तुमच्या आठ गुंठ्यांचं उत्तर त्यात आहे.

खडूफळा

निवृत्त इतिहास शिक्षक आहे, सवय सुटत नाही, म्हणून दोन गोष्टी.

एक. चंपारणची तीनकठिया आठवली असेल सगळ्यांना. विसातले तीन कट्ठे निळीला, म्हणजे शेकडा पंधरा. जावात शेकडा वीस. तिथे गोरा निळवाला जमीनदार होता, इथे सरकारच निळवालं.

दोन, आणि ही जास्त महत्त्वाची. फान डेन बॉसच्या आधी जावा पाच वर्षं इंग्रजांकडे होतं, १८११ ते १८१६. लेफ्टनंट गव्हर्नर रॅफल्सने तिथे जमिनीवर रोख सारा लावला. ती कल्पना आपल्याकडच्या रयतवारीच्या जवळची, मद्रासकडून गेलेली. शेतकऱ्याला मोकळं सोडा, रोख सारा घ्या, तो आपणहून बाजारासाठी पिकवेल. फान डेन बॉसचं म्हणणं की हे साफ फसलंय, शेतकरी सक्तीशिवाय निर्यातीचं पीक घेणार नाही.

आता योगायोग बघा. ज्या १८३० साली तो बटाव्हियाला उतरला, त्याच सुमारास आपल्या इंदापूर तालुक्यात प्रिंगलसाहेबाने नव्या रयतवारीची आकारणी सुरू केली. निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ सारा! रयत गाव सोडून निजामाच्या हद्दीत पळाली. शेवटी विंगेट आणि गोल्डस्मिडना बसवून १८३५ पासून सगळं नव्याने मोजावं लागलं. तेव्हा 'मोकळी' पद्धत तरी कुठे मोकळी होती?

बेरकी_बगळा

सगळेजण एकाच बाजूने वाहत चाललेत, म्हणून थोडं उलट पोहतो.

१. माणसाला त्याच्या काळात ठेवून मोजा. १८१८ मध्ये गरिबांसाठी शाळा आणि आजारपणाची तरतूद करणारे किती होते युरोपात?
२. गुलामांना माणूस माना म्हणणारा तो. मळेवाल्यांशी पंगा घेतला.
३. तानाम पाक्सा वाईट होतीच. पण मेलिसा डेल आणि बेंजामिन ओल्केन या अर्थतज्ज्ञांचा २०२० चा अभ्यास आहे. ज्या गावांजवळ डच साखर कारखाने होते तिथे आज शेजारच्या तशाच गावांपेक्षा उद्योग जास्त, रस्ते-वीज चांगली, शिक्षणही जास्त.

म्हणून त्याला राक्षस ठरवायची घाई नको.

आडसाली

बगळेसाहेब, कारखाना आला की रस्ता येतोच. आमच्याकडेही आला. प्रश्न उसाला भाव किती दिला हा असतो.

सायंतारा

@बेरकी_बगळा, राक्षस मी म्हटलंच नाही. उलट माझं म्हणणं तो राक्षस नव्हता हेच आहे. तो मनापासून भल्यासाठी करतोय असं त्याला वाटत होतं, दोन्हीकडे. मला भीती त्याचीच वाटते.

तुम्ही म्हणता तो अभ्यास माहीत आहे, पण त्याचा प्रश्न वेगळा. कारखान्याजवळचं गाव आणि कारखान्यापासून दूरचं गाव यांची ती तुलना. जावातून गेलं किती, हा त्याचा विषय नाही. गेलं किती ते सांगते. १८३१ ते १८७७ दरम्यान बटाव्हियाच्या खजिन्यातून हेगला गेलेली शिल्लक ८० कोटी गिल्डरच्या वर आहे. १८५० च्या दशकात डच सरकारच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा जावाच्या कॉफी-साखरेतून येत होता. इथली कर्जं फिटली, सरकारी रेल्वे झाली. आणि १८६३ ला सुरिनाममधली गुलामगिरी संपली तेव्हा मालकांना दर गुलामामागे ३०० गिल्डर भरपाई मिळाली, तीही याच पैशाच्या जोरावर. गुलामांना अर्थात काहीच नाही. एका वसाहतीतल्या घामाने दुसऱ्या वसाहतीतल्या मालकांचे खिसे भरले.

पेणकरीण

बापरे. ३०० गिल्डरचं वाचून पोटात कसंसंच झालं.

मोडीवाली

भाषेकडे जाते जरा. अवांतर समजा.

जावात गावाला 'देसा' म्हणतात, आपलाच देश. जिल्ह्याचा देशी सरदार 'बुपाती', म्हणजे भूपती. साखर 'गुला', आपला गूळ. नीळ 'निला'. @आडसाली, तिथे साखर कारखाना म्हणजे 'पाब्रिक गुला'. पहिला शब्द डच, दुसरा संस्कृतातला. दोन शब्दांत सगळा इतिहास.

त्या भूपतीचं पुढे काय झालं? तो लोकांच्या बाजूने नव्हता का?

सायंतारा

@मोडीवाली, इथेच फान डेन बॉसची हुशारी. त्याने भूपतींचा वंशपरंपरागत मान परत दिला आणि वर टक्केवारी लावली. जिल्ह्यातून जितका माल निघेल त्यावर डच अधिकाऱ्याला कमिशन, भूपतीला कमिशन, गावच्या मुखियालाही. मग पाचवा हिस्सा वाढत जाऊन तिसरा हिस्सा व्हायला वेळ लागत नाही. वर कोणी विचारत नव्हतं, कारण वरच्याचं कमिशनही त्यातच.

बटाव्हियाच्या कौन्सिलमध्ये पीटर मेर्कुस नावाच्या सभासदाने विरोध केला होता, तो बाजूला सारला गेला. पुढे १८४९-५० ला मध्य जावात देमाक आणि ग्रोबोगानला दुष्काळ पडला. भाताच्या खाचरांच्या प्रदेशात माणसं अन्नावाचून मेली, गावं ओस पडली. तेव्हा कुठे हेगच्या संसदेत आवाज उठायला लागला. तोवर फान डेन बॉस जाऊन काही वर्षं झाली होती.

भटक्या_चपला

गेल्या वर्षी सोलोजवळ 'डी चोलोमाडू' पाहिलं. जुना साखर कारखाना, आता म्युझियम आणि कॉफीशॉप. यंत्रं अशी मोठी की माणूस त्यांच्या दातांपुढे मुंगी. त्या चक्राला हात लावून उभा राहिलो होतो आणि मागे कॅपुचिनोचं मशीन फुसफुसत होतं. हे सगळं तानाम पाक्साचंच, हे आत्ता कळलं.

खडूफळा

भटक्या, थांबा. चोलोमाडू १८६१ चा, आणि काढला मांगकुनेगारा चौथे या तिथल्याच राजाने. सोलो आणि योग्यकर्ता ही संस्थानं फान डेन बॉसच्या पद्धतीच्या बाहेर होती, तिथे जमिनी भाड्याने घेऊन चालणारे खाजगी मळे होते. रयत तिथेही राबलीच, पण तो वेगळा धडा. परीक्षेत गुण कापले असते.

भटक्या_चपला

मान्य, गुरुजी. कॅपुचिनो मात्र चांगली होती.

कॉफीवरून आठवलं, पश्चिम सुमात्रात 'कावा दाउन' प्यायलो. कॉफीच्या पानांचा काढा, नारळाच्या करवंटीत देतात. पानं आधी विस्तवावर धुरी देऊन वाळवतात. चव चहाकडे झुकणारी, थोडी जळकट. तिथला माणूस सांगत होता की बिया सगळ्या डच गोदामात जायच्या, म्हणून आजोबा-पणजोबांनी पानं उकळली.

सायंतारा

सुमात्रातही तोच गेला होता, १८३३ ला, पाद्री युद्ध (तिथल्या कट्टर मुस्लिम सुधारकांचं, ख्रिस्ती पाद्र्यांचं नव्हे) चालू असताना. तिथल्या लोकांना कर लावणार नाही असं वचन दिलं गेलं. कर लावला नाही, कॉफी मागितली.

शंकासुर

दुसरी बाळबोध शंका. १८१८ ला हॉलंड इतकं कंगाल का? युद्ध तर १८१५ ला संपलं होतं.

खडूफळा

बाळबोध नाही, चांगली शंका आहे. १८१५ च्या एप्रिलमध्ये तांबोरा ज्वालामुखी फुटला. राखेने आभाळ झाकलं आणि १८१६ ला युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिकं कुजली, पावाचे भाव चढले. युद्धाने खंगलेल्या देशाला हा दुसरा तडाखा. आणि तांबोरा कुठे आहे? जावाच्या पूर्वेला, सुम्बावा बेटावर.

शंकासुर

काय सांगता! म्हणजे तिकडच्याच राखेने इकडचे भिकारी वाढले, आणि भिकाऱ्यांवर केलेला प्रयोग घेऊन हा परत तिकडेच गेला?

बेरकी_बगळा

शंकासुर आज फॉर्मात. :) सायंतारा, परत आल्यावर त्याचं काय झालं? आणि द्रेंथचा प्रयोग निदान चालला का?

सायंतारा

परतल्यावर १८३४ ला तो वसाहतमंत्री झाला. जावातून दरवर्षी किती येतं आणि कुठे जातं, हे राजा आणि हा मंत्री, एवढ्यांनाच नीट ठाऊक. संसदेला हिशेब नाही. जावाच्या पुढच्या उत्पन्नावर कर्ज काढत गेले. १८३९ च्या डिसेंबरात संसदेने नव्या कर्जाचं विधेयक फेटाळलं आणि याने राजीनामा दिला. राजाने त्याला आधी बॅरन, मग काउंट केलं. १८४२ ला तो स्वतःच संसदेत निवडून गेला, आणि जानेवारी १८४४ मध्ये हेगला वारला. चौसष्टाव्या वाढदिवसाला थोडे दिवस होते.

द्रेंथचं उत्तर म्हणजे, नाही चालला. माळरानाची रेताड जमीन, शेतीची सवय नसलेली शहरी माणसं, बटाटे आणि राय. फार थोडी कुटुंबं कर्ज फेडून मोकळी झाली. संस्था कायम तोट्यात. शेवटी १८५९ ला ओमरस्खान्स आणि फेनहाउझन सरकारला ताब्यात घ्यावे लागले. फेनहाउझनला आजही तुरुंग आहे. २०२१ ला यांतल्या काही वसाहती युनेस्कोच्या यादीत गेल्या, म्हणून रस्त्यावर नव्या पाट्या दिसतात.

म्हणजे घरचा प्रयोग बुडाला आणि जावातला तोच प्रयोग सोनं देत राहिला. रविवारपासून मी याच्यावर विचार करतेय. द्रेंथमध्ये बटाटा कमी पडला तर बाजारभावाने आणून द्यावा लागायचा, आणि तोटा सभासदांच्या ५ सेंटांतून भरायचा. जावात भाव ठरवणारा, माल घेणारा, सारा लावणारा आणि वजन करणारा एकच. तिथे योजना तोट्यात जाणार कशी?

आडसाली

वजनकाट्याचं तुम्ही शेवटी काढलंत, मी पहिल्यापासून वाट बघत होतो.

पेणकरीण

फोटो राहिले बरं का.

सायंतारा

टाकते. पुढच्या शनिवारी फेनहाउझनला जायचंय. तिथे कर्मचाऱ्यांच्या जुन्या घरांवर मोठ्या अक्षरांत वचनं लिहिलीत, 'शिस्त आणि सुव्यवस्था' वगैरे. फान डेन बॉसच्या काळातली नाहीत, नंतरची. जिथे औषधं द्यायचे त्या इमारतीवर 'कडू आणि गोड' लिहिलंय. तो पहिला फोटो काढेन.